काजूची टरफले जाळण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप बंद पडल्यापासून तेथे इथेनॉल प्रकल्प उभारण्याची चर्चा गोव्यात पुन्हा पुन्हा होते. ऊस उत्पादकांच्या उपजीविकेशी ती जोडलेली असल्याने तिचे महत्त्व मी जाणतो. परंतु जैवभाराचा, म्हणजे चोथा, टरफले अशा वनस्पतिजन्य मालाचा, उपयोग म्हणजे इथेनॉल, एवढीच समजूत त्यामुळे रूढ होत चालली आहे आणि तिच्यापायी काजूच्या टरफलांसारखा याहून मोलाचा कच्चा माल आपल्याच डोळ्यांदेखत भट्टीत जात आहे, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

साखर आंबवून इथेनॉल करताना ग्लुकोजमधील सहा कार्बन अणूंपैकी दोन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातात, त्यामुळे शंभर किलो ग्लुकोजपासून अगदी आदर्श स्थितीतही 51 किलोच इथेनॉल मिळते. याउलट आम्ल उत्प्रेरकाच्या (स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या आम्लाच्या) साहाय्याने त्याच साखरेतून केवळ पाणी काढून टाकले, तर सहाही कार्बन शाबूत असलेला हायड्रॉक्सिमिथिल फुरफुरल हा पदार्थ हाती येतो आणि त्यापासून प्लास्टिकपर्यंत अनेक वस्तू करता येतात. ही वाट निव्वळ प्रयोगशाळेतली नव्हे: अमेरिकेत ओटच्या फोलपटांपासून, त्यांतील पाच कार्बनांच्या साखरेतून असेच पाणी काढून, फुरफुरल या त्याच्या भावंड पदार्थाचे औद्योगिक उत्पादन 1922 च्या सुमारासच सुरू झाले होते.

गोव्यापुरते बोलायचे तर माझ्या मते सर्वांत आधी हात घालावा तो काजूच्या टरफलांना. टरफलाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा दाहक तेलाचा असतो. काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांवर फोड उठतात ते याच तेलाने. त्यातील मुख्य घटक ॲनाकार्डिक आम्ल तापवले की कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल बनते, म्हणजे पंधरा कार्बनांची लांब साखळी जोडलेला फिनॉल. फिनॉल हे रेझिन-प्लास्टिकच्या उद्योगाला लागणारे एक मूलभूत रसायन, आणि तो आज जवळजवळ सर्वत्र खनिज तेलातील बेंझिनपासून करावा लागतो. इथे तो झाडानेच तयार करून दिलेला आहे. वाहनांच्या ब्रेकचे अस्तर, रेझिन आणि जहाजांच्या इपॉक्सी रंगांना ओलसर हवेतही घट्ट करणारे पदार्थ यांसाठी कार्डेनॉल वापरले जाते. वास्कोसारखे जहाजबांधणीचे केंद्र असलेल्या राज्यात हीच टरफले सरपण म्हणून जाळली जावीत आणि त्यांच्या झोंबणाऱ्या धुराचा त्रास आसपासच्या वस्तीने सोसावा, याची मला मनापासून खंत वाटते.

टरफलांचा आणखी एक मोठा गुण म्हणजे ती सुकी असतात, वर्षभर साठवता येतात, आणि बाहेरून आयात केलेल्या काजूचीसुद्धा सोलणी झाल्यावर कारखान्यातच एका जागी मिळतात. वर सांगितल्याप्रमाणे साखरेतून पाणी काढण्याजोगा दुसरा माल म्हणजे काजूच्या बोंडूंचा चोथा, पण त्याचे तसे नाही. फेणीसाठी रस काढल्यावर उरणारा हा चोथा सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत डोंगरोडोंगरी विखुरलेला असतो, हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, आणि ओला असल्याने तो लगेच आंबू लागतो. शिवाय अशा मालातील पोटॅशियम घन आम्ल उत्प्रेरकाचे आम्लपण मारून टाकते, आणि साखरेतून पाणी काढताना होणारा काळा, चिकट राळेसारखा पदार्थ उत्प्रेरकाची छिद्रे बुजवतो. शुद्ध साखरेवर उत्तम चालणारा उत्प्रेरक खऱ्या चोथ्यावर किती वेळा वापरता येतो, हा या क्षेत्रातला अवघड प्रश्न असून तो आपल्या मालावर, आपल्याच मातीत सोडवावा लागेल. गोवा विद्यापीठ आणि झुआरीनगरची बिट्स पिलानी या संस्थांना यासाठी दूर जाण्याची गरज नाही; चोथा त्यांच्यापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर पडलेला असतो.

म्हणून राज्य सरकारला विनंती अशी की, तेल काढल्याशिवाय टरफले जाळू नयेत असा नियम करावा, मात्र त्याआधी लहान कारखानदारांसाठी तेल काढण्याचे एखादे सामाईक केंद्र अनुदानासह उभे करावे, अन्यथा त्या नियमाचा बोजा सर्वांत दुबळ्यांवरच पडेल. तेल काढून उरलेला भुसा भट्टीत वापरता येतोच, आणि त्याचा धूरही कमी होतो, त्यामुळे कोणाचे सरपण हिरावले जाणार नाही. धारबांदोड्यात उद्या इथेनॉल प्रकल्प झालाच, तर त्याच्या आवारात चोथ्यावरील उत्प्रेरकांच्या चाचणीसाठी थोडी जागा राखून ठेवावी, हीही सूचना आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
वाळपई, सत्तरी