सागरगोट्यांचा ढीग

दादर, मुंबई

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

आजीच्या आठवणीसाठी पितृपक्षात चाळीच्या व्हरांड्यात मांडायच्या कलाकृतीचा तुझा आराखडा पाहिला: आरसे, बत्ताशांचा ढीग, लगोरी. आधी ते आरसे काढून टाक. समोरासमोर आरसे लावले की अंत नसलेली खोली दिसते हे खरं, जपानी कलाकार यायोई कुसामा १९६५ पासून आरशांच्या खोल्या करत आल्या आहेत. पण साध्या आरशात दर परावर्तनाला १० टक्के उजेड गेला तरी दहाव्या प्रतिमेला जेमतेम एक-तृतीयांश उरतो, आणि काचेतल्या लोहामुळे पुढचं सगळं हिरवट पडतं. त्यात गिरगावातल्या चाळीचा व्हरांडा आणि पितृपक्ष, म्हणजे पाऊस गेलेला नसतो. दिवसभर फडकं घेऊन उभी राहशील.

ढीग मात्र ठेव. कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचा जोडीदार रॉस १९९१ साली एड्सने गेला. त्याच वर्षी फेलिक्सने कागदात गुंडाळलेल्या खाऊच्या गोळ्यांचा ७९ किलोंचा ढीग रचला, धडधाकट माणसाच्या वजनाचा. येणाऱ्याने एक गोळी उचलायची. ढीग खंगत जातो आणि पुन्हा भरता येतो. तुझे उघडे बत्तासे इथे दुसऱ्या दिवशी चिकटतील, मग मुंग्या, मग उंदीर. म्हणून सागरगोटे घे.

काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. औषधासाठी भाजलेले नकोत, कच्चे माग. पाण्यात टाकून पोकळ वेगळे करायला जाऊ नकोस, चांगलेही तरंगतात. समुद्रातून वाहत जाऊन किनाऱ्याला रुजणारं बी आहे ते. आजीच्या वजनाचे ४२ किलो ढिगाला आणि निदान १५ किलो राखीव. गुळगुळीत गोटे उंच रचले जात नाहीत, पसरतात, म्हणून दोन भिंतींचा कोपरा निवड आणि पुढे दोन इंच उंचीची लाकडी पट्टी ठोक. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी घसरून पडेल. लहान मुलं तोंडात घालतात, तेवढं लक्ष ठेवायला एक माणूस हवा.

खेळ एकच ठेव, चटक्याचा. शेजारी पॉलिश न केलेली शहाबादी फरशी, साधारण दोन फूट चौरस, जमिनीवर पक्की बसव. हलली की बोटं चेमटतात. एक गोटा उचलायचा, फरशीवर जोरात घासायचा आणि रांगेतल्या पुढच्या अनोळखी माणसाच्या मनगटावर टेकवायचा. गालावर नाही, चांगला घासलेला गोटा खरंच पोळतो. चटका बसलेल्याने आपल्या गेलेल्या माणसाची एक खोडी सांगायची. गुण नकोत, खोडीच. गुण विचारलेस की लोक श्रद्धांजलीच्या सुरात बोलायला लागतात. मग तो गोटा खिशात घालून घरी न्यायचा.

लगोरी वगळ. कडप्प्याच्या थरांना टेनिसचा चेंडू ढिम्म हलवत नाही, लाकडाचे केलेस तर आवाजाने खोड्या ऐकू येणार नाहीत.

आता भरण्याबद्दल. तू आराखड्यात ‘रात्री कामगार ढीग पूर्ववत करील’ असं एका ओळीत उरकलं आहेस. माझ्या मते सगळं काम त्या ओळीत आहे. संध्याकाळी सगळ्यांदेखत ढीग पोत्यांत भरून वजनकाट्यावर ठेवा, जितका घटला तितका फळ्यावर खडूने लिहा आणि राखीव गोण्यांतून तेवढेच गोटे घाला. हे रोज चाळीतल्या वेगळ्या बिऱ्हाडाने करावं. फळ्यावरचे जुने आकडे पुसू देऊ नकोस. शेवटच्या दिवशी भरणं थांबवायचं की नाही, हे आधीच ठरव. त्या दिवशी ठरवायला गेलीस तर भांडणं होतील.

आणि दाराशी एक चिठ्ठी लाव. या बियांचं कवच इतकं टणक असतं की खरवडल्याशिवाय पाणी सहज आत शिरत नाही. फरशीवर घासून पांढरट झालेला गोटा त्या मानाने लवकर रुजतो. रात्रभर पाण्यात ठेवायचा, मग मातीत अंगठाभर खोल. मात्र वेल भयंकर काटेरी असते, चाळीच्या कठड्यावर कुणी चढवू नये हेही त्यातच लिही.

तुझा,
नंदू