खाड्यांचा दोष पोरांच्या माथी नको

मा. संपादक,

'हल्लीच्या पोरांना कामच नको' हे गाऱ्हाणं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रोज ऐकू येतं. फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये तीस वर्षं मस्टर सांभाळलं, म्हणून लिहितो.

खाडे सगळ्या खात्यांत सारखे पडत नाहीत. टूलरूमचा माणूस अंगात कणकण असली तरी येतो. आपण नसलो तर डाय, म्हणजे साचा, अडणार, हे त्याला ठाऊक असतं. फेटलिंगला मात्र आठ तास ग्राइंडर धरून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, घासायचं. ते पंपाला लागणार की ट्रॅक्टरला, हेही कुणी सांगत नाही. तिथला नवा पोरगा पहिल्या वर्षी सहसा खाडा करत नाही. दुसऱ्या वर्षी सुट्टीला जोडून एक दिवस, मग पगार झाला की दुसऱ्या दिवशी, मग पाठ धरली म्हणून आठवडाभर. पोरगा तोच, घरही तेच.

आमच्या व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या विभागात मशीन लावून देणारा सेटर वेगळा, तपासणारा वेगळा. ऑपरेटरनं जॉब चढवायचा, बटण दाबायचं, उतरवायचा. आम्ही ऑपरेटरांच्या हाती मायक्रोमीटर दिला, ऑफसेट, म्हणजे माप चुकलं तर मशीनमध्ये करायची दुरुस्ती, शिकवला, मशीन आलटून पालटून दिली. पहिले तीन महिने फक्त रिजेक्शन वाढलं आणि मालकांची बोलणी मी खाल्ली. खाडे कमी झालेले दिसायला वर्ष लागलं. पुढे डिस्पॅचच्या घाईत ती पद्धत मोडली आणि मस्टर पुन्हा पूर्वीसारखं लाल झालं.

हे काही माझं शहाणपण नव्हे. 1913 साली फोर्डच्या कारखान्यात रोज साधारण दहातला एक कामगार गैरहजर असे. 1914 च्या जानेवारीत फोर्डनं दिवसाची मजुरी पाच डॉलरवर नेली. माणसं टिकली, पण काम तेच राहिलं. व्होल्वोनं 1974 मध्ये स्वीडनमधल्या काल्मारला कामच बदललं: सरकती लाइन सोडून गाडीचा एकेक भाग एकेका गटाकडे सोपवला. त्यामागे गैरहजेरीचाच त्रास होता. काल्मार 1994 मध्ये बंद झालं, हेही सांगायला हवं.

भाताच्या रोप लावणीला शेजारच्या खानापूर तालुक्यातली पोरं शेतातच असणार. तिथे कुठलीही पद्धत चालत नाही, तो खाडा धरूनच माल ठरवावा. पण मालकांनी एकदा तीन वर्षांची मस्टरं खात्यावार लावून बघावीत. फेटलिंगला डिसेंबरात पडणारा खाडा काही लावणीचा नसतो.

– एक निवृत्त सुपरवायझर, बेळगाव