राखेवरून आठवलास

प्रिय शमू,

सलाम. आठ महिने पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे.

परवा चर्चमध्ये मंडळीपुढे प्रार्थनेला उभा राहिलो. 'हे दयाळू स्वर्गीय पित्या'पासून 'आमेन'पर्यंत कुठे अडखळलो नाही. मधेच लक्षात आलं की मी गाडीच्या पंक्चरचा विचार करतोय. तोंड आपलं चालूच! उपासना सुटल्यावर एक मुलगा आला, नुकताच बाप्तिस्मा झालेला, डोळे ओले. म्हणाला, "काका, मला पण अशी प्रार्थना शिकवा." तिथून पळून जावंसं वाटलं रे. पाळकांना सांगावं तर ते उपास सुचवणार, बायको म्हणणार झोप पुरी करा.

रात्री जुनं बायबल काढलं. लाल पेन्सिलीचं. समासात तारखा, 'हालेलूया', पुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, इफिसच्या मंडळीला पत्रात ठपका आहे की तू तुझी 'पहिली प्रीती' सोडलीस; त्या शब्दांखाली दोन रेघा आणि शेजारी माझं वाक्य: 'माझं असं कधीच होणार नाही.' त्याखाली तुझ्या किरट्या अक्षरात: 'बघू.' त्या 'बघू'वरून काय भांडलो होतो! मी तुला लावदिकीयाचा कोमट म्हणालो, त्याच पुस्तकातल्या ना थंड ना गरम मंडळीसारखा; तू दोन आठवडे बोलला नाहीस.

मला तेव्हा बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा ९ वा अध्याय प्यारा. परमेश्वरासमोरून अग्नी निघतो, लोक जयघोष करून पालथे पडतात. तू हटकून ६ वा काढायचास: वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही. याजकाने तागाचे कपडे घालून राख उचलायची, वेदीशेजारी ठेवायची, कपडे बदलून ती छावणीबाहेर न्यायची. आणि लाकडं रोज सकाळी, न चुकता. मी तुला 'राखखात्याचे याजक' म्हणायचो. काल तो अध्याय पुन्हा वाचला. राख उचलताना याजकाला काय वाटत होतं, याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

पण मग माझी राख झालीये की अग्नीच गेलाय? वरून दोन्ही सारखंच दिसतं. चाचपायला हात घालायची भीती वाटते. एलीया संदेष्ट्याचंही बघ ना, कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेला अग्नी उतरला आणि पुढच्याच अध्यायात हा झुडपाखाली मरण मागतोय. देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवलं, भाकर-पाणी दिलं. मधे हा झोपलाच. त्या जोरावर चाळीस दिवस होरेब डोंगरापर्यंत चालला. (झोपेचं बायकोला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.)

तुला कधी असं झालं होतं का? तेव्हा विचारलं नाही, नुसता ओरडलो. झालं असेल तर लिही.

मुलाला उद्या सकाळी सहाला बोलावलंय. काय शिकवणार, देव जाणे. पंक्चरचं आधी सांगून टाकीन म्हणतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीला दात आले का? वहिनींना सलाम.

आणि उत्तरात नुसतं 'बघू' लिहिलंस तर याद राख.

तुझा,
दाविद