मुलीच्या टॅबमधला ‘मी दमलो’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे जीभ आणि हात तिचं ऐकत नाहीत. कान आणि डोकं मात्र तल्लख. पाच वर्षांची होईपर्यंत ‘बोलेल हळूहळू’ हेच ऐकत आलो. बोलण्याऐवजी चित्रं दाखवायची सवय लागली तर ती बोलायचा कंटाळा करेल, असंही एके ठिकाणी बजावलं गेलं. संशोधन नेमकं उलट सांगतं, हे कळेस्तोवर मोलाची वर्षं गेली.

परदेशी बोलकी यंत्रं लाखांच्या घरात, तेव्हा तो विषय संपला. पण पवईत, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो. म्हणजे अर्धं काम आपल्याच शहरात झालंय.

घोडं अडतं ते पुढे. बोट थरथरतं, पाणी मागायला जावं तर शेजारचंच चित्र बोलून मोकळं. त्यासाठी पडद्यावर चौकोनी भोकांची जाळी लागते. तिच्यावर हात टेकवता येतो, बोट घसरत नाही. आम्ही ती नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकची कापून घेतली. पहिल्या खेपेला माझंच माप चुकलं, पैसे पाण्यात. टॅबचा आवाज लोकलच्या डब्यात ऐकू येत नाही, म्हणून पाठीमागे छोटा स्पीकर रबरबँडने बांधलाय. दिसायला ध्यान आहे, पण चालतं.

भाषेचंही तेच. आधीच्या एका ॲपमध्ये ती थकल्याचं बटण दाबायची आणि टॅब म्हणायचा, ‘मी दमलो’. धाकटा भाऊ खो खो हसायचा. तिने ते बटण दाबणंच सोडलं. न्याहारीच्या चित्रांत पॅनकेक. पोहे, उपमा कुठेच नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधनं धरली आहेत. तरी एका शिबिरात चौकशी केली तर उत्तर मिळालं, “मुलीला ऐकू येतं ना? मग मशीन कशाला?” तिथे व्हीलचेअर आणि श्रवणयंत्रं वाटली जात होती, त्याचा आनंदच आहे.

वांद्रे रेक्लमेशनला वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, पवईला आयआयटी, शिवाय हात चालवणारी आयटीआयची मुलं. या सगळ्यांनी मिळून साधा टॅब, जाळी, स्टँड, स्पीकर असा एक संच ठरवावा आणि महापालिकेने तो वॉर्डावॉर्डातून द्यावा. दुरुस्तीची सोयही तिथेच हवी. चार्जिंगची पिन तुटली की आमची मुलगी आठवडाभर मुकी होते.

आमच्या जाळीचं माप मी वहीत लिहून ठेवलंय. शाळेतल्या दोन मुलांच्या आयांनी ते उतरवूनही नेलं, पण त्यांचे टॅब वेगळे निघाले.

— एक आई, भांडुप (पूर्व), मुंबई