थेरपीच्या खोलीत आईबाबांनाही बसू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नसेल तर स्पीच थेरपी लावावी का, आणि लावली तर खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न सध्या कोल्हापुरात बालवाडीच्या गेटवर आणि आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखा निघतोय. माझी लेक अडीच वर्षांची झाली तरी आई, पाणी, भुभू याच्यापुढं गाडी जात नव्हती, म्हणून हे लिहितेय.

घरात सगळ्यांचं एकच, बोलेल की, एवढी काय घाई, हिचा बाबा पण तिसऱ्या वर्षी बोलला. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावा म्हणणारेही भेटतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो हे कोणी सांगत नाही. थांबा म्हणणाऱ्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही, दोन वर्षांचं असताना मागं असलेली निम्म्याहून जास्त मुलं शाळेत जाईपर्यंत बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यातलं आहे का हे त्या वयात कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, खरी अडचण तिथंच आहे. त्यामुळं वर्ष झालं तरी बोटानं दाखवत नाही, नावानं हाक मारली तर बघत नाही, दोन वर्षं झाली तरी 'आई ये', 'पाणी दे' असं जोडून येत नाही, तर वाट बघू नका. आणि येत असलेले शब्द गेले असतील तर लगेच डॉक्टरकडं.

थेरपीच्या आधी कान तपासायचे. ताट पडलं की दचकते म्हणजे ऐकू येतंय असं आपण धरून चालतो, पण सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं असेल तर मोठा आवाज कळतो आणि बोलण्यातले स, फ असले बारीक आवाज निसटतात. बेरा ही ऐकू येतं का बघायची टेस्ट मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही काही.

आता थेरपी. आम्ही आधी एका ठिकाणी जात होतो तिथं लेकीला आत न्यायचे, दार लावायचे, आम्ही बाहेर खुर्चीवर, आणि अर्ध्या तासानं 'आज छान केलं हं' म्हणून हातात द्यायचे, काय छान केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, फी मात्र वेळेवर. नंतरच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मला आत बसवलं. त्या साबणाचे फुगे काढायच्या, चार फुगे झाले की बाटलीचं झाकण लावून नुसत्या तिच्याकडं बघत थांबायच्या. 'बोल, बोल' असं काही म्हणायच्या नाहीत. पोरगी बाटलीकडं बघायची, मग मॅडमकडं, आणि शेवटी ओठांचा चंबू करून 'फू'. लगेच झाकण उघडलं. ते थांबणं मी तिथं शिकले. ती 'बस' म्हणाली की आपण 'केएमटी बस आली' म्हणायचं, एवढंच, तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही. दिवसभर, भाजी निवडताना, आंघोळीला, रंकाळ्यावर फिरताना हेच चालतं, आठवड्यातला तो अर्धा तास त्याच्यापुढं किती पुरणार?

हे माझ्या एकटीचं मत नाही. 2003 मध्ये कॉक्रेन या उपचारांवरचे अभ्यास पडताळून बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात शब्द वाढायला आणि उच्चार सुधारायला थेरपीचा फायदा दिसला, समजण्यातच अडचण असेल तिथं पुरावा कमी पडला, आणि नीट शिकवलेल्या आईवडिलांनी केलं काय नि थेरपिस्टनी केलं काय, ठळक फरक दिसला नाही. म्हणून माझं म्हणणं, थेरपी लावा, पण आत बसू देतात का, घरी काय करायचं ते दाखवतात का, तीन महिन्यांत काय बदलायला हवं ते आधी सांगतात का, हे विचारून लावा. थेरपिस्टची आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी पण विचारा, तो आपला हक्क आहे.

अजून एक, घरात आजी कन्नड बोलते म्हणून पोर गोंधळलंय, आता फक्त इंग्लिश बोला, असा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो. दोन भाषांनी बोलणं उशिरा येत नाही. आजीला गप्प बसवू नका, मोबाईलला बसवा, दोन वर्षांच्या आत तो नकोच असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी फुकट होते आणि त्यात विकासातला उशीरही बघायचा असतो. पण वजन-उंची झाली की झालं असं बऱ्याच आयांना वाटतं, त्या बोलण्याचं काढतच नाहीत. आपल्या पेपरनं तपासणी कुठल्या गावात कुठल्या दिवशी आहे ते आधी छापलं, आणि 'बोलण्याबद्दलही विचारा' एवढी एक ओळ त्याखाली टाकली, तर पार गगनबावडा, चंदगडपर्यंत पोचेल.

आपली,
एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर