घर त्याच्या नावावर असलं तरी...

मेलबर्न, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय आई,

काल फोनवर मी नवऱ्यापासून वेगळं होताना वाटणी मागायचं म्हटलं तर तू म्हणालीस घर त्याच्या नावावर, पगार त्याचा, तू कशाच्या जोरावर मागणार, आणि मी गप्प बसले कारण रडू येत होतं, म्हणून आज सावकाश लिहितेय. बाबांनाही वाचून दाखव.

इथे ऑस्ट्रेलियात नुसतं नावावर काही ठरत नाही गं. दोघांचं जे असेल ते सगळं आधी मांडतात, घर, गाडी, बँकेतले पैसे, त्याचं सुपर म्हणजे आपला पीएफ समज, आणि कर्जसुद्धा. मग कोणी काय घातलं ते बघतात, आणि त्यात पगारासारखंच घरकाम आणि मूल सांभाळणंही धरतात, म्हणजे सई झाल्यावर मी सहा वर्षं घरी होते तेही. निम्मं-निम्मं मिळेलच असं मात्र नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडे पोटगी मिळते, स्त्रीधन परत मागता येतं, पण नवऱ्याच्या नावावरच्या घरात वाटणी कुठे असते? गोव्यात तेवढं वेगळं, माझी शेजारीण मडगावची आहे, ती म्हणते आमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की निम्मा हक्क असतोच.

आता नवीन काय ते सांगते. यंदा १० जूनपासून इथला कायदा बदललाय. घरात छळ झाला असेल तर त्याचा बाईच्या कमाईवर, पुढच्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे वाटणीत बघायचं असं आता कायद्यातच लिहिलंय. आधी ते जुन्या निकालांच्या आधारे मांडावं लागायचं आणि फार अवघड जायचं. आणि आई, छळात आर्थिक छळही आहे, पैसे ताब्यात ठेवणं, नोकरी करू न देणं, आणि हुंडा! हुंड्यासाठी जबरदस्ती करणं हे तिथे नाव घेऊन लिहिलंय. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मला बाबांनी मोडलेली एफडी आठवली, फ्लॅटच्या डिपॉझिटला कमी पडतात म्हणून सासरच्यांनी आठ लाख मागितले होते आणि आपण ती भेट आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं. मी तेव्हा बोलले नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

मोत्याचंही आहे त्यात. आधी कुत्रा म्हणजे सोफ्यासारखी वस्तू धरायचे, आता त्याला कोण सांभाळत होतं, मुलांचा जीव किती आहे हे बघून कोर्ट एकाकडे देतं. एक आठवडा तुझ्याकडे एक माझ्याकडे असं कोर्ट देत नाही. सई रोज विचारते.

दोघांनीही सगळे कागद उघड करायचे हेही आता थेट कायद्यात घातलंय, त्याने जसे तसे मीही. म्हणून तुझ्याकडे काम आहे. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात पाटल्यांची आणि तोड्यांची पावती असेल, आणि एफडी मोडली त्या वर्षीचं बाबांचं पासबुक. पासबुकात ती एंट्री असलेलं पान हवंय, ज्या खात्यात पैसे गेले ते दिसायला हवं. पावतीचा फोटो दोन्ही बाजूंनी काढ, मागे सोनाराने वजन पेनाने लिहिलंय.

तुझी,
मनू