भिवंडी रोडला लोकल केव्हा?

महोदय,

यंत्रमाग आणि गोदामांमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीतून दररोज हजारो लोक ठाणे, वसई आणि मुंबईकडे ये-जा करतात. तरीही वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानकात प्रवाशांसाठी दिवसभरात मोजक्याच मेमू (विजेवर धावणाऱ्या, कमी अंतराच्या) गाड्या थांबतात. जूचंद्र, कामण रोड आणि खारबाव या स्थानकांची अवस्था याहून वेगळी नाही. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी तासन्‌तास थांबावे लागते, म्हणून लोक नाइलाजाने खड्ड्यांच्या आणि कोंडीच्या रस्त्याने रिक्षा पकडतात. मग ‘प्रवासीच नाहीत’ असे म्हणायला रेल्वे मोकळी!

हा मार्ग दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला आहे. मात्र त्यावर मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्यांना प्राधान्य मिळते. मालवाहतुकीचे महत्त्व आम्हाला मान्य आहे. पनवेल-वसई उपनगरी मार्गाची चर्चाही आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आहोत. परंतु तो प्रत्यक्षात येईपर्यंत निदान सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या वेळी तासाला एक मेमू सोडावी, आणि तिचे वेळापत्रक दिवा व वसई येथील लोकलशी जुळवावे, एवढीच आमची मागणी आहे.

– एक प्रवासी, भिवंडी